पाचशे रुपयांची विंडोज कोणाच्या फायद्याची?

वाकोला ब्रिजपासून मार्केटपर्यंत चालत जा. वाटेत मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीची जी दुकानं लागतात, त्यातल्या बहुतेक दुकानांत तीनशे ते पाचशे रुपयांत लॅपटॉप ‘फॉरमॅट मारून’ मिळतो. विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, कोरल, टॅली, सगळं एकाच पेनड्राइव्हवरून टाकून देतात. बिल मागितलं तर दुकानदार आपल्याकडे असा बघतो की जणू आपण इन्कम टॅक्समधून आलोय. हे काही वाकोल्याचंच वैशिष्ट्य नाही. कुर्ला, मुंब्रा, मिरज, मालेगाव, कुठेही जा, हेच चित्र. बीएसए ही सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना. तिने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१७ मध्ये भारतातल्या संगणकांवरचं ५६ टक्के सॉफ्टवेअर विनापरवाना होतं. आकडा कंपन्यांच्याच संघटनेचा आहे, तेव्हा थोडा फुगवलेला धरू. तरीही निम्मा देश आपल्याच रांगेत उभा आहे.

रांग एवढी मोठी असल्यामुळेच यावर कोणी बोलत नाही. आपल्या बैठकांत शिष्यवृत्ती, आरक्षण, तलाक, दंगल, सगळ्यावर चर्चा होते. पण बैठकीचं प्रेस नोट ज्या लॅपटॉपवर टाइप होतं त्याच्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ लिहून येतं, आणि ते ‘घालवून देणारा’ एक भाऊ प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. विचारलं तर उत्तर तयार असतं: बिल गेट्सकडे काय कमी आहे? गरिबाने घेतली एक कॉपी तर कोणाचं काय बिघडलं?

बिघडलं ते आपलं. ही कॉपी म्हणजे गरिबाचं बंड वगैरे काही नाही. ती त्या कंपनीची फुकटात झालेली जाहिरात आहे, आणि तिचे पैसे आपली पोरं वेगळ्या वाटेने भरत असतात.

आधी कंपनीच्या बाजूचं जे चुकलं आहे ते स्वच्छ मांडू, म्हणजे मी तिची वकिली करतोय असं कोणाला वाटायला नको. २०१५ साली विंडोज १० भारतात आली तेव्हा होम आवृत्तीची किंमत होती ७,९९९ रुपये आणि प्रो आवृत्तीची १४,७९९. नंतरची विंडोज ११ याहून स्वस्त नाही. आपल्या वस्तीतला मुलगा सेकंड हँड लॅपटॉप घेतो तो बारा-पंधरा हजारांचा. यंत्राच्या निम्म्याहून जास्त किंमत त्यातल्या प्रणालीला मोजायची, असा हा हिशोब आहे. अमेरिकेतल्या पगारावर बेतलेली किंमत रुपयात बदलून सांताक्रूझ पूर्वेला लावली की माणसं चोर होणार, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

बरं, गरिबांसाठी काही करायचं कंपनीला सुचलं तेव्हा काय सुचलं? २००५ साली तिने भारतात हिंदीतून ‘विंडोज एक्सपी स्टार्टर एडिशन’ आणलं. स्वस्त, पण एका वेळी तीनच प्रोग्राम चालणार. चौथा उघडलात तर प्रणाली नाही म्हणणार. कॉम्प्युटर पूर्ण ताकदीचा असला तरी तो मुद्दाम लंगडा करून द्यायचा, कारण घेणारा गरीब आहे. पंगतीत वेगळं ताट मांडण्याची ही रीत आपल्या देशाला नवी नाही. लोकांनी ते ताट नाकारलं आणि चोरीचं पूर्ण जेवण घेतलं, यात मला आश्चर्य वाटत नाही.

पण पुढचा भाग ऐका. १९९८ साली बिल गेट्स आणि वॉरन बफे वॉशिंग्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी बोलले, ते ‘फॉर्च्युन’ मासिकात छापून आलं. चीनमधल्या चोरीबद्दल गेट्स जे बोलले त्याचा मतलब असा: लोक आज सॉफ्टवेअरचे पैसे देत नाहीत, पण एक दिवस देतील, चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, त्यांना त्याची लत लागेल, आणि पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही पुढच्या दहा वर्षांत बघून घेऊ. ज्याची चोरी करून आपण सूड घेतल्याचं समाधान मानतो, तो मालक स्वतः म्हणतोय की चोरा, पण माझंच चोरा. चोरीच्या विंडोजवर शिकलेला मुलगा नोकरीला लागतो तेव्हा त्याला फक्त विंडोज येत असते. मग त्याचं ऑफिस परवाने विकत घेतं, त्याची बँक घेते, त्याची महापालिका घेते. वसुली अशी होते. तुमच्याकडून नाही झाली तर तुमच्या टॅक्समधून होते.

आणि सूडाचाच विषय असेल तर ‘इनपेज’चं काय करायचं? उर्दूत छपाईचं काम करणारे या नावाशिवाय हलत नाहीत. हे सॉफ्टवेअर अमेरिकेचं नाही. दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने १९९४ साली ते आणलं. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीक लिपीमुळे कातिबाच्या हातासारखी ओळ पडद्यावर उमटू लागली. आपल्या जबानीसाठी कोणीतरी एवढं केलं, आणि आपण काय केलं? त्याच्या चोरट्या प्रती भारतापासून पाकिस्तानपर्यंत वाटल्या. मराठीतही तेच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्री-लिपी’ लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानांत कसं पोचलं ते कोणत्याही जुन्या डीटीपीवाल्याला विचारा. हे लोक अब्जाधीश नव्हते. ‘श्रीमंताचं घेतलं’ हा युक्तिवाद इथे जागेवर गळून पडतो. आपण श्रीमंताचं म्हणून घेत नव्हतो, घेता येतं म्हणून घेत होतो.

काही मित्र हा प्रश्न मौलानांकडे नेतात. तिथे दोन्ही मतं मिळतात. पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी कॉपीराइटच्या हक्काला मान्यता द्यायला तयार नव्हते. त्यांचेच चिरंजीव तकी उस्मानी यांनी उलट मत मांडलं. ओआयसीच्या फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखन-संशोधनाचे हक्क सुरक्षित आहेत, त्यांचं उल्लंघन करू नये असा ठराव केला. ज्याला फतवा हवा त्याने हे वाचावं. पण मला वाटतं हा मामला हलाल-हरामच्या आधी नागरिकाचा आहे, आणि नागरिक म्हणून आपल्यासमोर कायदा आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं कलम ६३-ब सांगतं की कॉम्प्युटर प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून कैद माफ करू शकतं आणि पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. म्हणजे घरी अभ्यास करणाऱ्या मुलीला थोडी सवलत आहे, पण झेरॉक्सवाला, डीटीपीवाला, टॅलीचा क्लास चालवणारा आणि फॉर्म भरून देणारा आपला भाऊ यांना ती नाही. कलम ६४ नुसार सब-इन्स्पेक्टर दर्जाचा पोलिस अधिकारी वॉरंटशिवाय चोरट्या प्रती जप्त करू शकतो. हे कलम रोज वापरलं जात नाही, खरं आहे. पण कधी आणि कोणावर वापरायचं हे आपण ठरवत नाही.

२०१९ च्या हिवाळ्यापासून आपण एकमेकांना काय सांगत आलो? कागदं नीट ठेवा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, आधारवरचं स्पेलिंग. अब्बांचं नाव एका कागदावर ‘शेख’ आणि दुसऱ्यावर ‘शैख’ आहे म्हणून लोकांनी वांद्र्याच्या कचेरीत दिवस घालवले. हे सगळे कागद ज्या लॅपटॉपवर स्कॅन करून ठेवलेत, त्या लॅपटॉपचं बिल कुठे आहे? बहुतेकांकडे नाही. कोणी उद्या दुसऱ्याच कारणासाठी दारात आला आणि पहिल्या कारणाचा पुरावा मिळाला नाही, तर हे दुसरं कारण आपण घरात तयार ठेवलेलं असतं.

आणि त्या स्कॅन केलेल्या कागदांची सुरक्षितता? क्रॅक चालवण्याआधी दुकानदार पहिली गोष्ट करतो ती म्हणजे अँटिव्हायरस बंद. म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून अनोळखी माणसाला घरात घ्यायचं. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की ‘केएमएस-पिको’ या प्रसिद्ध अ‍ॅक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या फाइलबरोबर ‘क्रिप्टबॉट’ नावाचं चोर सॉफ्टवेअर येतं. ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड ते उचलून नेतं. पाचशे रुपये वाचवले आणि यूपीआयला जोडलेल्या ईमेलचा पासवर्ड देऊन टाकला, असा हा सौदा आहे.

मग परवडणारी, सरळ मार्गाची प्रत मिळवायची कशी? ‘लिनक्स वापरा’ म्हणून मोकळे होणारे उपदेशक मला आवडत नाहीत, म्हणून आधी विंडोजचीच गोष्ट.

मोठ्या ऑफिसांतून बाहेर पडलेले जे डेल, एचपी, लेनोव्होचे लॅपटॉप लॅमिंग्टन रोडला किंवा कुर्ल्याला विकायला येतात, त्यातल्या अनेकांत विंडोजचा परवाना आधीच असतो. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या ही की मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहून पाठवतात. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट उतरवून बसवली की इंटरनेट जोडताच ती आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. दुकानदार करतो काय? त्याच्या पेनड्राइव्हवर एकच प्रो आवृत्ती असते. होमचा परवाना असलेल्या यंत्रावर तो प्रो टाकतो, ती जुळत नाही, मग क्रॅक मारतो आणि त्याचे पाचशे घेतो. जी वस्तू तुमच्या मालकीची होती ती काढून चोरीची बसवायचे पैसे तुम्ही दिलेत!

तुमच्या लॅपटॉपचं काय, ते बघायला अर्धं मिनिट लागतं. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे अ‍ॅक्टिव्हेशन. तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सेवेतून विंडोज सुरू झाली आहे अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दिसलं आणि लॅपटॉप कोणत्या ऑफिस-कॉलेजचा नसून घरचा असेल, तर समजून जा. कुठली संस्था? वाकोल्याची बचत गट संस्था काय? हे वाक्य नसलं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. काही क्रॅक याहून चलाख असतात. म्हणून जुना लॅपटॉप घेतानाच पक्कं बिल मागा आणि त्यावर विंडोजची आवृत्ती लिहून घ्या. दोन-पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. ऑनलाइन बाजारात पाचशे-सातशेला मिळणाऱ्या ‘लाइफटाइम की’ मात्र घेऊ नका. त्या बहुधा कुठल्या तरी कंपनीच्या घाऊक कराराच्या नाहीतर डेव्हलपरांसाठी दिलेल्या असतात. पंचवीस आकडे-अक्षरांची की हातात आली म्हणजे परवाना मिळाला असं होत नाही, आणि कंपनी ती कधीही बंद करू शकते.

आता अडचण. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर. आपल्या घरांतले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-फाइव्ह त्यात बसत नाहीत. यंत्र ठणठणीत, पण कंपनी म्हणते भंगारात घाला. इथे लिनक्सचा मुद्दा उपदेश म्हणून नाही तर गरज म्हणून येतो.

लिनस टोरवाल्ड्स हेलसिंकीत शिकत होता, एकवीस वर्षांचा, तेव्हा १९९१ साली त्याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमन मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालवत होता. कॉपी करा, वाटा, उघडून बघा, बदला: परवान्यातच लिहिलंय. दुकानदाराने शंभर लॅपटॉपवर टाकलं तरी गुन्हा नाही. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी प्रत्येक यंत्र लिनक्सवर आहे. तेव्हा ‘फुकटचं आहे, म्हणजे हलकं असणार’ हे डोक्यातून काढा. लिनक्स मिंट दोन जीबी रॅमवर सुरू होतं, चार जीबीवर नीट चालतं. आठ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. काही बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर चालतोय का ते तपासा, नाही आवडलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे. २००५ ते २०११ उबुंटूवाले सीडीसुद्धा फुकट टपालाने घरी पाठवायचे. आपल्यापर्यंत ती बातमी आली नाही, कारण आपल्याला तोवर चोरीची सीडी मिळाली होती.

मराठीचंही काम झालेलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतच प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाने लिनक्स मराठीत आणण्यासाठी खपून काम केलं. पवईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्स आणि लिब्रेऑफिसवरचे धडे मराठी आवाजात फुकट उपलब्ध आहेत. उर्दूसाठी गुगलची ‘नोटो नस्तालीक’ लिपी मुक्त परवान्यात आहे. वाकोल्याहून पवई एका बसच्या अंतरावर, पण तिथलं हे काम आपल्या क्लासांत कोणी दाखवत नाही.

लिनक्सवर सगळं होत नाही, हेही सांगायला हवं. कोरलड्रॉ आणि फोटोशॉप होत नाहीत. इंकस्केप, जिम्प, क्रिटा आहेत, पण प्रेसवाला कोरलचीच फाइल मागतो. टॅलीला विंडोज लागते. मात्र टॅली शिकायला चोरीची लागत नाही. कंपनी स्वतःच शैक्षणिक मोड फुकट देते. त्यात फक्त महिन्याची १, २ आणि ३१ तारीख टाकता येते. बीकॉमच्या पोरांना नोंदी शिकायला तेवढं पुरतं. वर्ड-एक्सेल हवंच असेल तर ब्राउजरमधली आवृत्ती साध्या खात्यावर फुकट आहे. हे सांगितलं तर क्लासवाल्याचं नुकसान काहीच नाही. तरी तो सांगत नाही, कारण पेनड्राइव्ह हाताशी आहे.

आता आपल्याच लोकांना दोन शब्द. दर रमजानच्या आधी ट्रस्टवाले, जमातवाले, माजी विद्यार्थी संघवाले गरजू मुलांना लॅपटॉप वाटतात. फोटो निघतात, पाहुणे येतात, कौतुक आहेच. पण जकातीच्या पैशाने घेतलेल्या त्या लॅपटॉपवर चोरीची विंडोज टाकलेली असते, हे वाटणाऱ्यालाही माहीत असतं. मुलाच्या हातात आपण यंत्र देतो आणि त्याबरोबर ६३-बसुद्धा देतो. पन्नास लॅपटॉप देण्याऐवजी पंचेचाळीस द्या, पण पक्क्या बिलाचे, यंत्रातला परवाना तपासलेले, नाहीतर मिंट बसवलेले द्या. सोबत मुलांना एक रविवार बसवून शिकवा. आपल्याच वस्त्यांतली किती मुलंमुली इंजिनिअरिंगला आहेत, त्यांना बोलवा. मुलींना जरूर बोलवा. घरातला एकुलता लॅपटॉप भावाच्या ताब्यात असतो आणि तो ‘बिघडवशील’ म्हणून हात लावू देत नाही, ही तक्रार मला प्रत्येक शिबिरात ऐकू येते. पेनड्राइव्हवरच्या लिनक्सने काहीच बिघडत नाही.

आणि सरकार. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत संगणक अर्हता म्हटली की आपल्याकडे एकच नाव घेतात, एमएस-सीआयटी. राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा हा कोर्स गावोगावी पोचला, हे तिचं यश. पण त्यातून पिढ्यान्‌पिढ्या काय शिकल्या? विंडोज आणि एमएस ऑफिस. संगणक म्हणजे एका कंपनीचा माल, असं राज्याच्या प्रमाणपत्रानेच ठरवून टाकलं, आणि तो माल घरी सरावासाठी कुठून आणायचा ते मात्र सांगितलं नाही. मग पोरगं गेलं फॉरमॅटवाल्याकडे. केरळने हे वेगळं करून दाखवलं. तिथल्या सरकारी शाळा लिनक्सवर चालतात, दहावीची मुलं आयटीची परीक्षा त्यावरच देतात. केंद्र सरकारने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण जाहीर केलं. महाराष्ट्राला कोणी अडवलंय?

तोवर एक वाट उघडी आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. जाहिरातीतलं ते वाक्य नीट वाचा: एमएस-सीआयटीच्या बरोबरीने डोएक सोसायटीची सीसीसी परीक्षाही चालते असं त्यात लिहिलेलं असतं. डोएकचं आजचं नाव एनआयईएलआयटी. सीसीसीच्या अभ्यासक्रमात लिब्रेऑफिस आहे. कुठल्याही क्लासला न जाता थेट अर्ज करता येतो. म्हणजे घरच्या जुन्या लॅपटॉपवर, पूर्ण कायदेशीर प्रतीवर, एक रुपयाचं सॉफ्टवेअर न घेता सराव करून तुम्ही तीच अर्हता मिळवू शकता. आमच्या वाकोल्याच्या अभ्यासिकेत पुढच्या बॅचपासून हेच शिकवायचं ठरलं आहे. येताना आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणा.